चाप न ओढण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारीसाहेब,
पोलीस ठाणे, बाजार चौक,
यांच्या सेवेशी सादर.

विषय : माझ्याकडून जप्त केलेल्या हवेच्या पिस्तुलाचा चाप ठाण्यातील कोणीही, गंमत म्हणूनसुद्धा, ओढू नये व त्याची ताणलेली स्प्रिंग पंचांसमक्षच उतरविण्यात यावी, याबाबत.

संदर्भ : (१) माझ्या मेहुण्यांनी माझ्याविरुद्ध दिलेली गोळीबाराची फिर्याद.
(२) माझ्या धाकट्या बहिणीच्या मोडलेल्या हाडांविषयी मी वेळोवेळी समक्ष केलेल्या तक्रारी, ज्या लिहून घेतल्या गेल्या नाहीत.

महोदय,

अर्जदार हा शिलाई मशीन दुरुस्त करणारा कारागीर असून शाळा सातवीतच सुटली, परंतु वाचनाचा नाद सुटला नाही. त्यामुळे हा अर्ज कोणाकडून लिहवून न घेता स्वतःच्या बुद्धीने रचला आहे. भाषेत काही उणे आढळल्यास उदार अंतःकरणाने सांभाळून घ्यावे. मजकुरात मात्र उणे काही नाही.

१) प्रथम वस्तूविषयी निवेदन करतो. सदर पिस्तूल हे खरे पिस्तूल नसून खऱ्याची हुबेहूब प्रतिकृती आहे. त्यात दारू भरली जात नाही. नळी बिजागरीवर वाकवून खाली दाबली की आतील स्प्रिंग ताणली जाते, चाप ओढला की ती सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि हवेच्या दाबाने शिशाचा बारीक छर्रा बाहेर पडतो. कागदी निशाण्यावर नेम धरण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. तथापि मूठ, नळी, वजन व रंग इतके अस्सल आहेत की, जप्तीच्या वेळी आपल्या हवालदारसाहेबांनी ते पाहताच "हात वर! तोंड भिंतीकडे!" अशी आज्ञा करून माझ्या कमरेत गुडघा घातला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रतिकृती उत्तम असल्याचा तो पुरावाच समजतो.

२) पिस्तूल मी जुने घेतले तेव्हा त्याची अवस्था शोचनीय होती. छर्रा डावीकडे जात असे आणि चाप असा अडे की नेम धरता धरता हात थरथरे. मशीनचा धंदा असल्याने स्प्रिंगचा स्वभाव मला ठाऊक आहे. स्प्रिंगची दोन्ही टोके दगडावर घासून सपाट केली. दट्ट्याचे वॉशर जुन्या पट्ट्याच्या चामड्यातून कापून तेलात मुरवून बसविले. चापाचा खटका ज्या दाताला धरतो तो दात पॉलिशच्या कागदाने इतका गुळगुळीत केला की, बोटाचे नुसते टोक लागले तरी तो अलगद सुटावा. तेल थेंबाने घातले, धारेने नव्हे, कारण तेल जास्त झाले तर दाबाखाली पेटून धूर निघतो आणि खऱ्या बारासारखा आवाज होतो. एवढ्या सेवेनंतर ते माझ्या हातात असे वागू लागले की, आमच्या नेमबाजी मंडळाचे गुरुजी एकदा म्हणाले, "अरे, हे पिस्तूल आहे की तुझी सून? उलटून बोलतच नाही!"

३) या शस्त्राच्या निगेचे तीन नियम मंडळाच्या भिंतीवर लावलेले आहेत. रिकाम्या नळीने चाप ओढू नये, दट्ट्या आपटून फुटतो. ताणलेले पिस्तूल तसेच ठेवू नये, स्प्रिंग थकते. आणि निशाण्यामागे काय आहे हे पाहिल्यावाचून चाप ओढू नये. पुढील सर्व हकीकत या तिसऱ्या नियमामुळे घडली, ही बाब साहेबांनी ध्यानी घ्यावी.

४) आता मेहुण्यांविषयी. ते मालाच्या गोदामात मुकादम आहेत. बहिणीचे यजमान म्हणून त्यांचा मान मी आजवर राखला आहे व या अर्जातही राखत आहे. आदरणीय मेहुण्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माझ्या बहिणीची बोटे लोखंडी पेटीच्या झाकणात चेपली. पुढे त्यांनी तिच्या गळ्याखालचे हाड मोडले. एकदा उकळते पाणी तिच्या पाठीवर ओतले आणि डॉक्टरांना सांगताना "न्हाणीघरात घसरली" असे शब्द योजले. बहीण गाद्या शिवते. कारखान्यातून काम घरी आणते. पाठीची कातडी सोललेली असताना ती पालथी पडून गादीच्या कडा शिवत होती, हे मी स्वतः पाहिले आहे. प्रत्येक वेळी मी ठाण्यात आलो. "घरातली भांडणं घरात मिटवा, दोघं मिळून जेवली की सगळं विसरतात" असा सल्ला मिळाला. तो मी तिला कळविला. ती म्हणाली, "जेवतो आम्ही मिळून. ताट माझ्याच अंगावर येतं."

५) घटनेच्या दिवशी मी मंडळाच्या दालनात सरावास उभा होतो. छर्रा नळीत घातलेला, स्प्रिंग ताणलेली, नेम धरलेला. इतक्यात बहिणीची शेजारीण धापा टाकत आली व ओरडली, "अहो मशीनवाले भाऊ, इथे कागदं काय फोडताय? तिकडे मारून टाकतोय तो तिला!" मी तसाच धावलो. ताणलेले पिस्तूल घेऊन धावणे हा आमच्या मंडळात सर्वांत गंभीर गुन्हा आहे, आणि तो माझ्या हातून घडला. छऱ्यांची डबी टेबलावरच राहिली. म्हणजे माझ्याजवळ एकच छर्रा होता, आणि तो नळीत होता.

६) दार उघडेच होते. मेहुण्यांनी बहिणीचे केस मुठीला गुंडाळले होते आणि तिचे डोके लोखंडी कपाटावर आपटत होते. कपाटाच्या दाराला पोचा पडला होता. तिचा उजवा हात मनगटापासून भलत्याच दिशेला वळलेला होता. कपाळातून रक्त डोळ्यांत उतरल्याने तिला समोरचे दिसत नव्हते. शिवायला घेतलेली गादी अर्धवट पसरलेली, तिच्यावर रक्ताचे शिंतोडे. मी पिस्तूल रोखले. मेहुणे माझ्याकडे वळले, परंतु केस सोडले नाहीत, त्यामुळे बहीण फरफटत त्यांच्या पाठीमागे आली. मी त्यांच्या मांडीवर नेम धरला. पण मांडीमागे बहीण होती. छर्रा चुकला असता तर तिला लागला असता. भिंतीवरचा नियम माझ्या डोळ्यांपुढे आला आणि सरावात म्हणतो तसे मी मोठ्याने म्हणालो, "निशाण्यामागील व्यक्तीने बाजूस व्हावे!"

मेहुणे हसले. "ए मशीनवाल्या," ते म्हणाले, "बॉबिनमध्ये दोरा ओवणारा तू, माणूस मारणार होय? मार ना! मार!" असे म्हणून त्यांनी तिचे डोके पुन्हा एकदा, मला दाखवून, कपाटावर आपटले.

बहिणीने डावा हात चाचपत गादीकडे नेला. कडा शिवण्याचे मोठे दाभण गादीत खोचलेले होते. ती मागून म्हणाली, "अहो, इकडे बघा." मेहुण्यांनी मान वळविली, तसे तिने ते दाभण त्यांच्या गालात घातले. ते आत दातावर आपटल्याचा आवाज मला दाराशी ऐकू आला. मेहुण्यांनी तोंड उघडले, पण शब्दाऐवजी रक्त आले. केसांची मूठ सुटली. ते गुडघ्यांवर बसले, दाभण स्वतःच्या हाताने उपसले आणि लहान मुलासारखे "आई आई" करू लागले.

मी चाप ओढला नाही. पिस्तूल, नळी भिंतीकडे करून, टेबलावर ठेवले. या बनावटीत एकदा ताणलेली स्प्रिंग चाप ओढल्याखेरीज उतरत नाही. म्हणून ते ताणलेलेच जप्त झाले.

७) तदनंतर मेहुण्यांनी फिर्याद दिली की मी त्यांच्यावर गोळी झाडली. दवाखान्याच्या वाटेवर त्यांच्यासोबत शेजारीण होती. गालाला फडके दाबून ते तिला म्हणाले, "वहिनी, कुणी विचारलं तर गोळी म्हणा. बायकोनं दाभण खुपसलं म्हटलं तर गोदामात तोंड दाखवायची सोय राहणार नाही." डॉक्टरांना गालात भोक सापडले, छर्रा सापडला नाही. त्यावर मेहुण्यांचे म्हणणे असे की, छर्रा गाल फोडून तोंडात आला आणि तो त्यांनी गिळला. ही बाब फिर्यादीत समाविष्ट असल्याचे मला वाचून दाखविण्यात आले. माझ्या बहिणीचे हाड मोडले तेव्हा ज्या ठाण्यात कागद मिळाला नाही, तेथे गिळलेल्या छऱ्याला त्याच संध्याकाळी कागद मिळाला. हे मी रागाने लिहीत नाही, केवळ नोंद व्हावी म्हणून लिहितो.

८) आता माझ्या भीतीविषयी. जामिनाच्या हजेरीसाठी आलो असता मी पाहिले की, मुद्देमाल सांभाळणारे कारकून माझे पिस्तूल हातात घेऊन भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरीत होते व तोंडाने "ढिश्क्यँव" असा आवाज काढीत होते. त्यांचे बोट चापावर होते, आणि तो चाप मी किती हलका केला आहे हे वर निवेदन केलेच आहे. मी जमिनीवर पालथा पडलो व ओरडलो, "भरलेलं आहे! ताणलेलं आहे!" एक शिपाईदादा म्हणाले, "बघा बघा! खेळण्याला घाबरतो आणि मेहुण्यावर गोळ्या झाडतो!" दुसऱ्यांना वाटले मी धमकी देत आहे. त्यांनी मला उठवून कानाखाली वाजविली. अजून त्या कानात शिट्टी वाजते. परंतु चाप ओढला गेला नाही, याचे समाधान आहे.

साहेब, तो छर्रा अजून नळीत आहे आणि स्प्रिंग अजून ताणलेली आहे, एवढाच माझ्या निर्दोषपणाचा आधार आहे. ज्याने गोळी झाडली त्याचे पिस्तूल ताणलेले कसे राहील? उद्या कोणी गंमत म्हणून चाप ओढला तर एक तर ठाण्यातील कोणाचा डोळा जाईल, आणि दुसरे म्हणजे मी तुरुंगात जाईन. दरम्यान स्प्रिंग रोज थकत चालली आहे, हे वेगळेच दुःख. झोपताना मला तीच दिसते, अंधाऱ्या कोठडीत दात आवळून बसलेली.

९) एक गोष्ट प्रामाणिकपणे कळविणे मी माझे कर्तव्य समजतो. पिस्तूल उघडले आणि मी निर्दोष ठरलो की, गाल कोणी फोडला हा प्रश्न उभा राहतो व बोट बहिणीकडे जाते. म्हणून प्रथम मी ठरविले होते की, गुन्हा अंगावर घ्यावा व काहीच लिहू नये. हे ऐकून बहिणीने प्लास्टर घातलेला हात टेबलावर आपटला. "दादा," ती म्हणाली, "इतकी वर्षं मार खाल्ला तो माझ्या नावावर. एकदाच हात उचलला, तर तो तुझ्या नावावर? आळीतली माणसं तुला वाट सोडून उभी राहतात, पिस्तूलवाला म्हणून! तू तर 'बाजूस व्हावे' म्हणत उभा होतास!" हे तिचे बोलणे खरे आहे. तिने मला निक्षून सांगितले आहे की, मी लिहिले नाही तर ती स्वतः ठाण्यात येऊन बसेल.

१०) तरी साहेबांनी कृपाळू होऊन पुढीलप्रमाणे आदेश द्यावेत :

(अ) पिस्तुलाला कोणीही हात लावू नये, विशेषतः कारकूनसाहेबांनी.

(आ) पंच व फिर्यादी मेहुणे यांच्यासमक्ष नळीतील छर्रा दाखवून त्याची नोंद करावी व गिळलेल्या छऱ्याचा प्रश्न निकाली काढावा.

(इ) नंतर निशाण्याचा कागद लावून, मागे जाड फळी उभी करून, स्प्रिंग रीतसर उतरवावी. निशाण्यामागे कोणीही उभे राहू नये.

(ई) चाप ओढण्याची परवानगी माझ्या बहिणीस द्यावी. तिला मी दोन्ही पाय कसे टेकावेत व श्वास कसा अर्धा सोडावा हे शिकवीत आहे. उजवा हात जायबंदी असल्याने ती डाव्या हाताने ओढेल. तो हात स्थिर आहे.

(उ) बहिणीची फिर्याद, हाडांपासून दाभणापर्यंत, क्रमवार लिहून घ्यावी.

साहेबांच्या हातून एवढे झाले तर पिस्तूल परत मिळाले नाही तरी मी मागणार नाही.

आपला नम्र व आपल्या दाराशी पुन्हा पुन्हा येणारा,

(सही)
अर्जदार, शिलाई मशीन दुरुस्तीवाला

दिनांक : हा अर्ज आपल्या हाती पडेल तोच धरावा.

सोबत :
१) पिस्तुलाच्या निगेचे तीन नियम, स्वहस्ते उतरवून.
२) मंडळाच्या टेबलावर राहिलेली छऱ्यांची डबी.
३) दाभण, फडक्यात गुंडाळून. बहिणीने ते पुसू दिलेले नाही.

साहेब, दादाला पुस्तकासारखं लिहायची हौस आहे म्हणून एवढं लांबलं. दाभण मीच खुपसलं. केसांतून नवऱ्याचा हात सुटत नव्हता, खुपसल्यावर सुटला. परत धरले असते तर परत खुपसलं असतं. बोलवायचं असेल तर मला बोलवा, दादाला नको. सही डाव्या हातानं केली आहे, तीच माझी धरा.

(सही)
अर्जदाराची बहीण