देवी माझ्या बॅगेत आहे

गुरुवार, ८ ऑगस्ट. दुपारी ४.
पोचलो. हितेंद्रने जर्मनीहून नऊ तास गाडी चालवून आणलं. म्हणे, आई, समुद्राला लागून हॉटेल घेतलंय. हॉटेल कसलं, तीन मजल्यांचं घर. लिफ्ट नाही. खोलीत बादली नाही, तांब्या नाही. खिडकी उघडली की समुद्र, दुसरं काही नाही.

मालकीण साठीची, विधवा, रोझेत्ता नावाची. दार उघडलं तेव्हा हातात केरसुणी. एवढी मोठी मालकीण आणि नोकर ठेवायची ऐपत नाही.

बॅग उघडली. साड्यांच्या मधोमध, खणात गुंडाळलेली नारळाची कानबाई सुखरूप. विमानतळावर साहेबाने विचारलं, नारळ कशाला? मी खण बाजूला करून डोळे आणि नथ दाखवली. त्याने हात जोडले. ह्यांनी मात्र आता, खोलीत आल्यावर पाहिलं आणि पलंगावर बसलेच. म्हणाले, अगं, घराण्याची देवी तू इटलीला आणलीस?

मग काय करायचं होतं? सव्वीस वर्षं नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई जळगावला माझ्याकडे बसते. सगळे भाऊबंद माझ्या दारात येतात. यंदा हितेंद्रला सुट्टी नेमकी ऑगस्टात. धाकटी जाऊ कलाबाई लगेच म्हणाली, अक्का, तुम्ही जा, आम्ही एरंडोलला बसवू. किती लगेच. सातवी नापास बाई, तिला आरतीचं दुसरं कडवं येत नाही.

ही चोरी नव्हे. देव्हारा माझा, देवी माझी. कलाबाईला सांगितलं नाही कारण तिने विचारलं नाही. घराची किल्ली शेजारी ठेवली आहे. ती येईल, देव्हारा उघडेल, रडेल, फोन करेल.
संकल्प: पहिला फोन आपण करायचा नाही.

शुक्रवार, ९ ऑगस्ट. नागपंचमी.
सकाळचा नाश्ता: एक गोड पाव आणि बाहुलीच्या भातुकलीतल्या कपात कॉफी. ह्यांनी तीन कप घेतले. केळं मागितलं तर एकच दिलं, लांब, पिठूळ, वर स्टिकर. आमच्या रावेर भागात असलं केळं कुणी गाईपुढे टाकणार नाही, गाईला चव असते.

किनाऱ्यावर माणसं ओळीने उन्हात पडलेली. आमच्याकडे उन्हात ज्वारीचे बिबडे वाळत घालतात, इथे बायका. खुर्ची आणि छत्रीचं भाडं भरून. जळगावला पंचेचाळीस डिग्री फुकट मिळतं, कुणाला कौतुक नाही.

दुपारी एक ते चार मालकीण दार लावून झोपते. भर दिवसा. अशाने घर चालतं का? मी त्या वेळात डोळे मिटून जप केला. साडेचारला जप संपला. ह्यांनी उठवलं.

फोन नाही. तिकडे रात्र झाली असेल. कलाबाईला तोंड दाखवायला जागा नसेल.

शनिवार, १० ऑगस्ट.
ही मालकीण कंजूष आहे. जिन्यातला दिवा आपण वर पोचायच्या आत बंद करते. आज मी तोच दिवा बंद करायला गेले, तर बटणावर तिचा हात आधीच. दोघी तशाच उभ्या. मी करते ती काटकसर. तिचा स्वभाव चिकट.

११.२०. कलाबाईचा फोन! सात वेळा वाजू दिला, मोठ्या सुनेचा मान असतो. आठव्यांदा उचलणार तर बंद पडला. मग मेसेज: "अक्का, मोठी परात कुठे आहे?"

परात हा बहाणा. देवी कुठे हे विचारायची हिंमत नाही. मी उत्तर दिलं: माळ्यावर. जास्त बोलले नाही. उद्या दुपारपर्यंत ती खरं विचारेलच. मग मी म्हणेन, देवी माझ्याजवळ सुखात आहे, तुम्ही सगळे पुढच्या वर्षी या.

ह्यांनी गुडघ्यापर्यंतची चड्डी विकत घेतली. वय त्रेसष्ट.

रविवार, ११ ऑगस्ट. कानबाई.
देवीला जागा हवी पूर्वेकडे तोंड करून. खोलीत पूर्वेला संडास. खाली जेवणाच्या हॉलमध्ये पूर्वेकडे तोंड केलेला कोनाडा आहे, पण त्यात मालकिणीची देवी, मेरी, निळ्या साडीसारखं काहीतरी नेसलेली, पुढे प्लास्टिकची फुलं. मी सून मृणालीला म्हटलं, विचार हिला, दोन दिवस तिची देवी जरा सरकवेल का. मालकिणीने माझा नारळ हातात घेतला, नथ पाहिली, आणि तिची देवी सरकवली. प्लास्टिकची फुलं काढून कुंडीतली खरी ठेवली. आता सुचलं.

स्वयंपाकघर दोन ते चार मिळालं, ती झोपते तेव्हा. ती झोपलीच नाही. हाताची घडी घालून उभी, माझं पीठ मळणं बघत.

नैवेद्याच्या रोटाचं पीठ मी जळगावहून दळून आणलंय. आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, त्याच्याच हाताच्या पाच मुठी गहू घेतात. ह्यांच्या पाच. हितेंद्र जर्मनीत, त्याच्या पाच मी मोजल्या, म्हणून जरा लहान. अकरा रोट झाले. नियम दोन: रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याच्या तोंडी एक घास जाता कामा नये. आणि पौर्णिमेच्या आत सगळे संपले पाहिजेत.

भाजीला भोपळा मालकिणीने दिला. पैसे घेतले नाहीत. बिलात लावणार, मी ओळखते.

आरती हितेंद्रने मोबाईलमध्ये बघून म्हटली. दरवर्षी चाळीस माणसं असतात, आज आम्ही चौघं. गर्दी नाही, गोंधळ नाही, चपलांचा ढीग नाही. देवीला किती मोकळं वाटलं असेल.
रात्रभर जागरण करायचं ठरवलंय.
फोन नाही.

सोमवार, १२ ऑगस्ट.
जागरण साडेनऊला आटोपलं. देवीच दमली होती, विमानाचा प्रवास.

सकाळी विसर्जन. कानबाई डोक्यावर घेऊन समुद्रावर गेले. आमच्यात नारळ पाण्यात बुडवून परत आणतात. मागे मृणाली टाळ्या वाजवत, त्यामागे हे त्या चड्डीत. उन्हात पडलेली माणसं उठून बसली. दोघांनी शूटिंग केलं. करा म्हटलं, आयुष्यात काही चांगलं तरी बघा.

नारळ बुडवला आणि नथ निघून पाण्यात पडली. सासूबाईंनी घातलेली नथ. कलाबाईला काय सांगायचं? चुलतसासरे नाना काय म्हणतील? तेवढ्यात मालकीण किनाऱ्यावरून झगा गुडघ्यावर धरून आत शिरली, पुरुषासारख्या रुंद पंजांनी वाळू उपसायला लागली. तिसऱ्या उपशात नथ.
तिसऱ्या. पहिल्यात मिळायला हरकत नव्हती.

मंगळवार, १३ ऑगस्ट. सकाळी ९.
रोट मोजले. ह्यांनी तीन खाल्ले, हितेंद्रने दीड, मृणालीने अर्धा, तिला गव्हाने पोट फुगतं. मी एक. पाच उरायला हवेत. चार आहेत.

मृणालीला मालकिणीकडे पाठवलं. मालकिणीने लाजदेखील न बाळगता कबूल केलं. काल संध्याकाळी ऑलिव्हचं तेल लावून खाल्ला. तिच्या आजीची भाकरी आठवली म्हणे. आणखी एक मिळेल का, हेही विचारलं.

बाहेरच्या बाईने कानबाईचा रोट खाल्ला. सव्वीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नाही. प्रायश्चित्त काय ते एकट्या झुलाल नानांना माहीत, ह्यांचे चुलते, भाऊबंदांत सगळ्यांत वडील. फोन करावा लागणार. संकल्प मोडत नाहीये. कलाबाईला करायचा नव्हता, नानांना चालतो.

दुपारी १.
नानांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "रोट खादा ना तिनी? मंग ती आपलीच व्हयनी. आते तिले परकी म्हनू नको."
हे काय प्रायश्चित्त झालं?

मग मी सहज विचारलं, तिकडे काय, रविवार कसा गेला? म्हणजे देवीवाचून कसा गेला, असं. नाना हसले. कलाबाईने देव्हारा रिकामा पाहिला, मग परात घेऊन एरंडोलला गेली. नवा नारळ आणून, वाजतगाजत परणून, म्हणजे त्याचं लग्न लावून, कानबाई बसवली. बावन्न माणसं आली, म्हणजे माझ्यापेक्षा बारा जास्त. रोट लोण्यासारखे झाले म्हणे. "आठे बठ्ठं झकास व्हयनं. तू देवीले फिरायले लयी गयी, बरं कयं. तिलेबी हवापालट."

लोण्यासारखे म्हणजे कच्चे राहिले असणार. कलाबाईचा तवा कधी तापत नाही. आणि नवा नारळ तो नवा नारळ, त्याच्या चेहऱ्यावर तेज कुठलं?
संकल्प: घरी न जाता विमानतळावरून थेट एरंडोल. खरी कानबाई सगळ्यांसमोर ठेवायची. मग बघू कोण कुणापुढे वाकतं.

बुधवार, १४ ऑगस्ट.
लिहायला वेळ नाही. दिवसभर समुद्राकडे पाहत बसले. समुद्र काही करत नाही.
मालकिणीला दुसरा रोट दिला. नियम म्हणून. संपवायचे आहेत.

गुरुवार, १५ ऑगस्ट.
सकाळी मोबाईलवर झेंडावंदन पाहिलं. दुपारनंतर इथे त्यांच्या मेरीची मिरवणूक. मी चुका बघायला गेले. पुष्कळ सापडल्या. बँड बेसूर. बायका डोक्यावर पदर न घेता. देवीला होडीत बसवून समुद्रात फिरवतात आणि परत आणतात. नुसतं नेऊन परत आणायचं. डिझेलची नासाडी.

मालकिणीने मला हाताला धरून बायकांच्या पहिल्या ओळीत उभं केलं. सगळ्यांना काहीतरी सांगितलं. मृणाली म्हणाली, आई, ती सांगतेय की या माझ्या नात्यातल्या. मी म्हटलं, तिला काय माहीत नातं. मृणाली म्हणाली, मीच सांगितलं, नाना बोलले ते.
ह्या सुनेच्या तोंडात तीळ भिजत नाही.
अख्खा रस्ता पहिल्या ओळीत चालले. सोडून जाणं बरं दिसलं नसतं.

शुक्रवार, १६ ऑगस्ट. सकाळी ८. निघायची तयारी.
कलाबाईचा मेसेज आला, लांबलचक. सातवी नापास असून लिहायची हौस. "अक्का, भाऊबंदांनी ठरवलं, आता दरसाल कानबाई एरंडोललाच. तुमचे गुडघे दुखतात, किती करणार तुम्ही. खूप केलं. पुढल्या साली तुमच्या देवीला घेऊन या, पाहुणी म्हणून."

पाहुणी.

ह्यांना वाचून दाखवलं. हे उठले. माझ्या हातातली बॅग घेतली आणि तीन मजले खाली नेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा न सांगता.

बिल तपासलं. भोपळा लावलेला नाही. दोनदा तपासलं.

मालकिणीने मृणालीकरवी विचारलं, पुढच्या ऑगस्टात येणार का, कोनाडा रिकामा ठेवते, खोली निम्म्या भावात. मी सांगितलं, बघू, मला ठिकठिकाणची बोलावणी असतात. मग म्हटलं, हिला विचार, घरात पुरुष किती. पिठाचा अंदाज यावा म्हणून. मृणालीने विचारलं. एकही नाही. नवरा गेला, मूल झालं नाही.
बाईच्या नावाने मुठी घेत नाहीत आमच्यात.

गाडीत बसून लिहिते आहे. पुढच्या वर्षीचं पीठ: ह्यांच्या पाच मुठी, हितेंद्रच्या पाच, मालकिणीच्या पाच. हिच्या तीनच पुरतील. पंजा केवढा आहे.