आधी विभक्ती, मग जर्मनी

८ सप्टेंबर, सोमवार

शनिवारच्या नोंदीत एक चूक राहिली आहे. मी लिहिलं होतं की जर्मनच्या क्लासमध्ये सरांनी प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. मी उत्तर दिलं नाही. उत्तर माझ्याजवळ तयार होतं, फक्त शेवटच्या शब्दाआधी डेन येणार की डेम, एवढंच बघायचं होतं. तेवढ्यात सर राखीकडे वळले. म्हणजे खरं असं की मला उत्तर येत होतं.

राखीने चुकीचं उत्तर दिलं आणि सर तिला शाब्बास म्हणाले. हे मात्र शनिवारी बरोबर लिहिलं होतं.

परिस्थिती एकदा नीट मांडून ठेवते. जर्मनीतला एक वृद्धाश्रम आमच्या हॉस्पिटलमधल्या दोन नर्सेसना घेणार आहे, राखीला आणि मला. डिसेंबरच्या परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं, चारही भागांत पास व्हायचं. नाही झालं तर जागा दुसऱ्या कुणाला. पप्पांनी सगळ्या कॉलनीत सांगून टाकलंय. मम्मीने स्वेटर आणलेत, तेही मरून रंगाचे.

घाबरण्यासारखं काही नाही. जर्मनमध्ये विभक्त्या फक्त चार. आपल्याकडे आठ. काम निम्मंच. आठवड्याला एक विभक्ती, ऑक्टोबर लागला की चारही खिशात. मग बोलायला सुरुवात. तोवर तोंड बंद ठेवायचं, म्हणजे चुकीची सवय लागणार नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

क्लासचं पुस्तक इंग्रजी माणसांसाठी लिहिलेलं आहे. पहिल्याच पानावर त्यांची समजूत काढलीय की बाबांनो, तुमच्या भाषेत हे नाही, पण धीर धरा. इंग्रजीत एक 'द' राजापासून बादलीपर्यंत सगळ्यांना चालतो. जर्मनमध्ये त्या 'द'साठी सोळा चौकटींचा तक्ता. आणि सोळा चौकटींत शब्द सहाच, आलटून पालटून. पुरुषाचा डेर तोच बाईच्या चतुर्थीला वापरलाय. लोणच्याचा चमचा दुधात घातल्यासारखं. शिसारी आली.

शिवाय मी इंग्रजी मीडियमची. वाक्य डोक्यात आधी इंग्रजीत येतं, मग मी त्याला मराठी विभक्ती लावून बघते, मग जर्मन. वेळ लागतो. पण पाया पक्का होतो.

पाया ही पप्पांची देणगी. लहानपणी मला दमा होता, म्हणून पहिली-दुसरी घरीच झाली. पप्पा तेव्हा नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासायला होते. एका तावावर कितीतरी नोटा असतात, त्यातल्या एकीवर ठिपका दिसला की पप्पा ताव बाजूला काढत. घरीही तेच. शुद्धलेखनात एक वेलांटी चुकली की पान फाडायचं, पहिल्यापासून लिहायचं. पाढ्यात अडखळले की पहिल्यापासून. म्हणून माझ्या वहीत आजही खाडाखोड सापडणार नाही. राखीची वही बघवत नाही.

संकल्प: तक्ता मोठ्या कागदावर, चार रंगांत.

१७ सप्टेंबर, बुधवार

तक्ता केला. निळा रंग एका चौकटीबाहेर गेला. उद्या परत करायचा.

राखीबद्दल लिहायलाच हवं. ती इगतपुरीहून गाडीने येते, ड्यूटी करते आणि संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकात क्लासला. आज तिने तिच्या आजीची गोष्ट जर्मनमध्ये सांगितली. आजी भाताच्या खाचरात पडली, मग बैल बिथरला, मग आजीने बैलालाच शिव्या दिल्या. आजी, बैल, चिखल, सगळ्यांना सरसकट 'डी', म्हणजे बाईचा 'द'. बैलाला 'डी'! मी चुका मोजायला घेतल्या आणि सोडून दिल्या. सगळा वर्ग हसत होता. वाल्मीक सर तर टेबल बडवत होते. सर जर्मनीत कारखान्यात इतकी वर्षं राहून आलेत, त्यांना तरी किळस यायला हवी होती.

तिच्याच भल्यासाठी मी तिच्या चुकांची दुरुस्ती स्वच्छ अक्षरात लिहून दिली. तिने थँक्यू गं बया म्हटलं आणि क्लास सुटल्यावर त्याच कागदावर भजी घेतली. वर मलाच म्हणाली, घे ना, गरम हाय.

घेतली नाहीत. एक घेतलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

प्रथमा झाली. द्वितीया जवळजवळ झाली. चतुर्थी सुरू केली आणि वीट आला. आपल्याकडे कशी सोय आहे. चाकूने म्हणजे तृतीया, आईला म्हणजे चतुर्थी, घरातून म्हणजे पंचमी, घरात म्हणजे सप्तमी. ज्याची त्याची खोली. यांनी चौघींना एका डाटिवमध्ये, म्हणजे त्यांच्या चतुर्थीत, कोंबलंय. ही विभक्ती नाही, धर्मशाळा आहे. पुन्हा घरात बसलो तर डाटिव आणि घरात शिरलो तर द्वितीया. माणूस दारात उभा असला तर काय करायचं, हे पुस्तकात नाही.

सरांना विचारलं. सर म्हणाले, ए बाई, एकतर आत ये, नाहीतर बाहेर जा, दार अडवू नको. वर्ग हसला. उत्तर मिळालं नाही.

वेळापत्रक थोडं पुढे सरकवलं. ऑक्टोबरऐवजी दिवाळी.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज परीक्षेसारखं जोडीने बोलणं. जोडीला राखी. विषय: दोघींनी मिळून एका आजीच्या वाढदिवसाचा बेत करायचा. मी सुरुवात केली. चौथ्या शब्दाला शंका आली म्हणून पहिल्यापासून घेतलं. परत शंका आली. तेवढ्या वेळात राखीने केक सांगितला, बँड लावला, सप्तशृंगीला जायला बस ठरवली आणि आजीला नवी साडी घेतली. सगळं 'डी'. मी एकदा 'या' म्हणाले, म्हणजे हो. त्याला विभक्ती लागत नाही.

सर म्हणाले, तुझी गाडी रिव्हर्समध्येच का चालते गं? राखी म्हणाली, सर, तिला मागचा आरसा लय मोठा हाय.

सरांच्या बोलण्याचा अर्थ एवढाच की मी जपून चालवते. ते त्यांनाही कळलंय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

घरी सराव सुरू केला. जेवताना पप्पांसमोर. पप्पांना जर्मन येत नाही, पण त्यांचा कान तयार आहे. मी जरा थांबले की ते म्हणतात, अडखळली, पहिल्यापासून. त्यांना डाटिव कळत नाही, पण अडखळणं बरोबर कळतं. असा शिक्षक पैसे देऊन मिळणार नाही.

आज 'मी माझ्या आईवडिलांबरोबर नाशिक रोडला राहते' एवढं वाक्य घेतलं होतं. मम्मी म्हणाली, अहो, तिला निदान नाशिक रोडपर्यंत तरी पोचू द्या, वरण गार झालं. पप्पा म्हणाले, गार झालं तर परत गरम करता येतं. आम्ही वाक्य सोडलं नाही. वरण सोडलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीत आत्या आली होती. म्हणाली, काय गं, जर्मनीला निघालीस ना, मग बोल की दोन शब्द, आम्हीही ऐकू. दोन शब्द बोलणं मला मान्य नाही, बोलायचं तर पूर्ण वाक्य. आत जाऊन वाक्य तयार केलं, तक्त्याशी ताडून पाहिलं. बाहेर आले तर आत्याची रिक्षा द्वारकेपर्यंत पोचली असेल. लोकांना धीरच नाही.

चतुर्थी अजून चालू आहे. षष्ठी कठीण नसावी.

८ नोव्हेंबर, शनिवार

वृद्धाश्रमाच्या फ्राउ ब्रांट यांच्याशी व्हिडिओ कॉल. मी इस्त्रीचा ड्रेस, मागे तक्ता, बाजूला पप्पा, कॅमेऱ्यात न येता. बाई चेहऱ्याने बऱ्या. त्यांनी विचारलं, आज काय खाल्लंस?

उपमा. पण उपमा जर्मनमध्ये कुठल्या लिंगाचा, हे कुणी ठरवलेलं नाही. मराठीतला 'तो' तसाच न्यावा, की रवा धरावा, की नुसता नाश्ता म्हणावं? मी विचार केला. हललेही नाही, म्हणजे लक्ष विचलित होणार नाही. बाईंनी हात हलवला. मग कॉल कापून परत लावला, त्यांना वाटलं चित्र अडकलंय. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, ऐकू येतंय का? यातला प्रत्येक शब्द मला कळला. मी मान हलवणार होते, पण मान हलवणं उद्धट वाटेल का अशी शंका आली. कॉल पुन्हा कापला गेला.

नाशिक रोडच्या नेटचा खरंच वीट आलाय.

राखीचा कॉल नंतर झाला. तिने सांगितलं की ती भाकर म्हणाली, हाताने थापून दाखवली, आणि बाई म्हणाल्या की इकडे आलीस की आमच्या आजीलोकांना करून घाल. व्याकरणाचा प्रश्न तिने हातांवर निभावला. अशाने काही पास होत नाहीत.

१३ डिसेंबर, शनिवार. पुणे

परीक्षा झाली. लेखी उत्तम. एकही खाडाखोड नाही.

बोलण्याच्या भागाबद्दल सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे गैरसमज नको. माझं पहिलं वाक्य निर्दोष होतं. दुसऱ्यात मध्ये शंका आली, म्हणून पहिल्यापासून घेतलं. परीक्षक बाई फार प्रेमाने म्हणाल्या, पुढे बोला, पुढे बोला. मी त्यांचे आभार मानले आणि पहिल्यापासून घेतलं. जोडीला नागपूरचा एक मुलगा होता, त्याला घाम फुटला होता. का, ते कळलं नाही, बोलत तर मी होते. दुसरं वाक्य वेळेत बसलं नाही.

हिशेब सरळ आहे. तोंडून एकही चूक गेलेली नाही. पप्पा बाहेर बसले होते. त्यांनी विचारलं, चुकली का कुठे? मी म्हणाले, नाही. पप्पांनी मला उसाचा रस पाजला.

२ जानेवारी, शुक्रवार

निकाल. वाचणं, ऐकणं, लिहिणं उत्तम. बोलणं नापास.

राखी चारही पास. बोलण्यात तर बऱ्यापैकी वर. बैलाला 'डी' म्हणणारी! जेवण गेलं नाही.

पप्पा निकाल उजेडात धरून बराच वेळ बघत होते. मागूनही बघितला. म्हणाले, चूक कुठे दाखवलीय? चूक दाखवल्याशिवाय बाद कसं करतात? सरांना फोन लावला. सर पप्पांना म्हणाले, काका, चूक नाहीये हो, चूक व्हायला काहीतरी बोलावं लागतं. पप्पांनी फोन ठेवला. मग टीव्ही आवाज बंद करून बघितला.

९ जानेवारी, शुक्रवार

सरांचा फोन. फ्राउ ब्रांट म्हणतात, लेखी मार्क चांगले आहेत, बोलण्याची परीक्षा फेब्रुवारीत परत देता येईल, तोवर जागा धरून ठेवते. फक्त मुलीने स्वतः फोन करून सांगायला हवं की मला यायचंय. पुढच्या शुक्रवारपर्यंत. नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला कळवतील. मेल नको, त्यांना आवाज ऐकायचाय. आणि चुकलं तरी चालेल.

चुकलं तरी चालेल! म्हाताऱ्या माणसांची औषधं देणारी संस्था, आणि हे वाक्य! फार निराशा झाली. तरीही जागा घ्यायची असं ठरवलंय. सोमवारी फोन.

१२ जानेवारी, सोमवार

वाक्यं दोन लागतील. पहिलं तयार. बुधवारी फोन.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सगळ्या गच्च्यांवर पतंगवाल्यांचे स्पीकर. अशा आवाजात फ्राउ ब्रांटना फोन करणं म्हणजे त्यांचा अपमान. दुसरं वाक्य तयार, पण त्यातल्या एका शब्दासमोर दोन पुस्तकं दोन गोष्टी सांगतात. कुठल्या पुस्तकावर विश्वास ठेवायचा, तेच नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

राखी घरी आली. व्हिसाची तारीख मिळालीय तिला. म्हणाली, लाव फोन, माझ्यासमोर लाव. मी म्हणाले, एक शब्द बघायचा राहिलाय. ती म्हणाली, रोशनी, तिथं म्हातारी पलंगावरून पडंल तवा तू तक्ता बघाया जाशील का? आणि तिने माझा फोन घेऊन नंबर लावला आणि माझ्या कानाला धरला. रिंग गेली. कुणीतरी उचलला. हालो, म्हणाल्या फ्राउ ब्रांट. मी कापला. तयारी नसताना बोलणं मला जमत नाही, आणि दुसऱ्याने लावलेल्या फोनवर तर नाहीच.

राखी चप्पल घालताना म्हणाली, मला तिथं एकटीला नाय जायचं गं. लय भ्या वाटतं. चुकीचं मराठी, चुकीचं जर्मन, आणि वर डोळ्यांत पाणी. मी वाक्य जुळवायला घेतलं. वाक्य जुळेपर्यंत ती जिना उतरून गेली.

उद्या फोन, काहीही झालं तरी.

१६ जानेवारी, शुक्रवार

तिथे सकाळ व्हायची वाट बघत जेवणाआधीपासून खुर्ची मांडून बसले. पप्पा समोर, फोन त्यांच्या हातात. शेवटची उजळणी. पहिलं वाक्य स्वच्छ गेलं. दुसऱ्यात त्याच शब्दाशी अडकले आणि सवयीने पप्पांकडे बघितलं.

पप्पा म्हणाले, पुढे बोल.

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. ते परत म्हणाले, बोल ना बेटा पुढे, असू दे, काही होत नाही. मम्मी लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत पप्पांच्या तोंडून असू दे ऐकलं नव्हतं. मग राग आला. रिटायर झाल्यावर माणसाचं लक्ष ढिलं होतं, हॉस्पिटलमध्ये मी पुष्कळदा पाहिलंय. आता घरातही कुणाच्या कानावर अवलंबून राहता येणार नाही. मी पहिल्यापासून घेतलं.

पप्पा म्हणत राहिले, लाव गं फोन, मी लावून देऊ का? मी हाताने थांबा म्हणाले. मग ते फोन माझ्या मांडीवर ठेवून गॅलरीत गेले आणि पाठ करून उभे राहिले. वाक्य दोनदा अगदी काठाशी आलं होतं. तोवर तिथली शुक्रवारची कचेरी बंद झाली. शुक्रवारी ते लोक लवकर जातात, कामाची ही पद्धत मला पटत नाही.

शुक्रवारपर्यंत असं फ्राउ ब्रांट सरांना तोंडी म्हणाल्या होत्या. तोंडी बोलण्यात थोडं मागेपुढे असतंच, ते कुणी शब्दशः धरत नाही. उलट मध्ये शनिवार-रविवार मिळाले हे बरंच झालं, दोन्ही पुस्तकं शांतपणे ताडून बघता येतील. फोन सोमवारी, १९ जानेवारीला.