तळ्याकडची सरळ वाट

प्रिय ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत, तुझे बाबा तर जरा जास्तच. फोनवर मनातलं बोलायची सोय उरलेली नाही. फोन वाजला की ते आधी तुझं नाव बघतात, "घ्या, सरकारचा फोन आहे" म्हणत माझ्या हातात देतात आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून शेजारीच बसतात. परवा ते उलटं धरलं होतं. आत्ता स्वारी बागेत गेली आहे, म्हणून घाईघाईने लिहायला बसले.

बाबांच्या अर्जावर तुझ्या कार्यालयाचं नकाराचं पत्र आलं, त्यावरून इथे काय झालं ते तुला सांगायलाच हवं. जुन्या बागा जपायच्या ही तुझी नोकरी, तेव्हा तू लिहिलंस ते नियमाला धरूनच असणार. पण "फाटकापासून तळ्यापर्यंत सरळ वाट काढल्यास मूळ रचनाकाराच्या कल्पनेला बाधा येईल" हे मूळ रचनाकारालाच कळवायचं म्हणजे कमाल झाली बाई! त्यांनी उलट टपाली लिहिलं की मूळ रचनाकार मीच, आणि अजून जिवंत आहे. त्यावर तुझं उत्तर आलं, "रचनाकाराच्या आजच्या मतापेक्षा बाग आखतानाचं मत ग्राह्य धरण्यात येईल." ते त्यांनी फ्रिजच्या दारावर चिकटवलंय. आल्यागेल्याला वाचून दाखवतात आणि चिडायचं नाटक करतात, पण मधूनच आवाजात अभिमान डोकावतो. खाण तशी माती. बाग एकदा लोकांची झाली की आखणाऱ्यानेही तिच्यात लुडबुड करू नये, हे तुला लहानपणी शिकवलं कोणी? यांनीच.

पण ठमे, "बाबा, तुमच्या कामाचे सगळ्यात मोठे शत्रू तुम्हीच आहात" हे तू बोललीस ना, ते त्यांना लागलं. त्यानंतर अबोला धरला आणि वर अपीलही ठोकलं. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. एका बाजूला बाप उभा राहणार, दुसऱ्या बाजूला लेक. आपलेच दात, आपलेच ओठ. मी कुणाच्या बाजूने बसू ते तरी कळव.

तुला त्यांचं वय झालंय असं वाटत असेल. खरं कारण माहीत नसतं तर माझ्याही मनात तेच आलं असतं, कारण वाटेच्या त्या वळणासाठी हा माणूस जन्मभर भांडला. फाटकातून आत शिरल्यावर पाणी दिसता कामा नये. आधी बांबूचं बन, मग तो हळूहळू चढत जाणारा लांबलचक वळसा, आणि लोक पार कंटाळले की एकदम समोर तळं. लोक आपले खालचं सपाट गवत तुडवत सरळ जायचे. मग यांनी झुडपांचं कुंपण लावलं आणि "वाट सोडून चालू नये" अशी पाटी स्वतःच्या हाताने रंगवली. आता तिथे विद्यार्थ्यांच्या सहली येतात. एकदा एक प्राध्यापक मुलांना सांगत होते की हे वळण म्हणजे मानवी जीवनाचं प्रतीक आहे. तुझे बाबा झाडामागे उभं राहून सगळं ऐकत होते. घरी येऊन मला म्हणाले, "अगं, मला तर नुसती गंमत करायची होती."

त्या गमतीचा पहिला बळी तू होतीस, आठवतं? बाग उघडली तेव्हा तू एवढीशी होतीस. दर दोन पावलांनी "पाणी कुठंय?" आणि यांचं ठरलेलं उत्तर, "दिसेल, चाल." बन संपलं आणि तू वाटेतच फतकल मारून बसलीस. हे तुला उचलून घ्यायला तयार नव्हते. हे वळण पायांनीच कळतं म्हणे! शेवटी मीच तुला कडेवर घेतलं आणि तेवढा सगळा चढ चढले. तळं दिसलं तेव्हा तू रडता रडता टाळ्या वाजवल्यास. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धूळ गेली म्हणाले. वारा नव्हता.

तर अशा माणसाला गेल्या महिन्यात बागेच्या नव्या रखवालदाराने पकडलं. सरळ वाट किती लांब होईल ते मोजायला हे स्वतःच्याच कुंपणावरून पलीकडे जात होते. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, आणि झुडपात अडकलेली पॅन्ट. यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "ही बाग मी आखली आहे." रखवालदार म्हणाला, "आजोबा, रोज कुणीतरी हेच सांगतं. काल एक जण तर तळं त्याच्या बापाचं आहे म्हणत होता." मग त्याने यांना पाटीसमोर उभं केलं आणि ती मोठ्याने वाचायला लावली. यांनी वाचली. वर अक्षर सुरेख आहे असंही सांगून आले. पॅन्ट शिवताना मी इतकी हसले की सुई बोटात गेली.

ही गोष्ट मला त्यांनी घरी येऊन सांगितली. तू विचारशील, आई, तेव्हा तू कुठे होतीस? रोज संध्याकाळी तुम्ही दोघं जाता ना बागेत? तर नाही, ठमे. मी बरेच दिवस गेलेले नाही. फोनवर तुला सांगते ती फुलं, ती बदकं, सगळं त्यांनी आणलेल्या बातम्यांवरून. माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. घरातल्या घरात भिंत धरून चालते, बाहेर जायला डॉक्टरांनी चाकाची खुर्ची दिली आहे. तुला कळवायचं नाही हे माझंच फर्मान होतं. तू नोकरी टाकून धावत आली असतीस.

एकदा त्यांनी मला त्या खुर्चीतून नेलं. बनापर्यंत ऐटीत गेलो. मग चढ लागला आणि त्यांची छाती भात्यासारखी चालायला लागली. पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. शेवटी मी उठले, त्यांना खुर्चीत बसवलं आणि दांडा धरून उभी राहिले. शेजारून जाणाऱ्या एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "किती करता हो तुम्ही यांचं!" आम्ही दोघं हसत सुटलो. पण तळं न बघताच परत आलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरळ वाटेसाठी अर्ज केला. कारण लिहायच्या जागी काय लिहिलं होतं? "नागरिकांची सोय." ते नागरिक म्हणजे मी गं.

तेव्हा आता ऐक, हे पत्र मी कशासाठी लिहिलं ते. तुझा नकार बरोबर आहे, तो बदलू नकोस. ती सरळ वाट मला नको. फाटकातूनच पाणी दिसलं तर तिथे जायचं कशाला? फक्त येत्या रविवारी तू इकडे ये. अधिकारी म्हणून नको, ठमी म्हणून ये. मी खुर्चीत बसेन, तू ढकल, बाबा शेजारून चालतील. वाट चांगली लांब आहे, तळं येईपर्यंत गप्प राहणं तुम्हा दोघांच्याही बापजन्मी जमायचं नाही. आधी नियमांवरून भांडाल, मग बांबू कोणी वेडावाकडा छाटला त्यावर तुमचं एकमत होईल, आणि सोमवारी ते अपील मागे घेतील. मी मध्ये पडणार नाही. मी फक्त दर दोन पावलांनी "पाणी कुठंय?" म्हणून विचारणार आहे, आणि चढ लागला की मला खाली ठेवून जायचं नाही, एवढं लक्षात ठेव.

फाटक वाजलं. स्वारी आली वाटतं.

तुला कडेवर घेऊन तो चढ चढलेली,
तुझीच आई