मठाचा उसना दगड

३ सप्टेंबर १९६१
रोजनिशी लिहिण्याची मला हौस नाही. धाकट्या बहिणीच्या, विनीच्या, प्रकृतीची तारीखवार नोंद डॉक्टरांनी मागितली आहे, म्हणून लिहिते. आज हॅल्बेकला पोचलो. घर आटोपशीर, खिडकीतून पडक्या मठाच्या कमानी दिसतात. ऊन छान. विनी आधाराशिवाय जिना चढली. दोन टोस्ट खाल्ले.

५ सप्टेंबर
शेजारच्या मिसेस डिन्सडेल आल्याचा केक घेऊन आल्या. त्या सांगत होत्या, चारशे वर्षांपूर्वी राजाने मठ मोडला तेव्हा गावाने त्याच्या दगडांनी घरं बांधली. आमच्या शेकोटीवर त्यातलाच एक कोरीव दगड आहे. नव्या माणसाने त्यावर हात ठेवून 'उसना आहे, राहू द्या' म्हणायचं, अशी रीत. विनीने हसत हसत म्हटलं. मी म्हणाले, उसना असेल तर परत करायला हवा. त्या हसल्या, "मास्तरीणबाई, चारशे वर्षांत एवढा प्रामाणिकपणा इथे कुणाला परवडला नाही हो!"

९ सप्टेंबर
तीस वर्षं मुलींना शिकवलं, दुसऱ्याची वस्तू ठेवू नये. दगड काढून द्यायला गावचा गवंडी नाही म्हणाला. मीच पहारीने दगड काढला, ढकलगाडीतून मठात नेला, भिंतीपाशी ठेवला. मिसेस डिन्सडेलनी फाटकातून विचारलं, हात कुणी ठेवला होता? विनीने, असं मी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. हात ठेवणारं माणूस दगडामागून जातं म्हणे. खुळचटपणा.

१२ सप्टेंबर
विनीचे पाय गार. शेकून फरक नाही. डॉक्टर म्हणतात, रक्ताभिसरण. चादरीत चुन्याची पूड.

१३ सप्टेंबर
दगड परत आणायला गेले. तो भिंतीत बसला आहे. चुना नाही, फट नाही. पहार वाकली.

१५ सप्टेंबर
आता कमरेपर्यंत गार, दगडासारखं टणक. टाचणी टोचून पाहिली, टाचणीच मोडली. विनी म्हणते, "हिल्डा, रागावू नकोस, मला तिकडे नेऊन सोड." मी रागावले.

१६ सप्टेंबर, दुपार
विनीच्या वजनाने पलंग मोडला. तुळई करकरते — डॉक्टर येत नाहीत. सहा शेजारी टोप्या काढून दारात उभे. मी वाट अडवली. म्हातारा गवंडी म्हणाला, "बाजूला व्हा बाई. तुम्हीही खाली सापडाल." झाले बाजूला —

१७ सप्टेंबर
मठात दिलं ते: विनिफ्रेड थॅकवे, वय अठ्ठावन्न. निळी शाल. चष्मा. लोकरी मोजे, निघाले नाहीत. उजवा हात अजून ऊबदार होता, माझ्या हातात. बोटं एकेक करून सोडवली. ती बोलत होती — भिंतीत बसवतानाही बोलत — माझं नाव —