पुदिन्याला बुरशी माझ्यामुळे लागली

मी, श्रीमती रत्नप्रभा दशरथ तावडे, वय ७६, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने करते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. निलेशला शंका असल्यास त्याने तो वाचावा.

१. राहता फ्लॅट व बँकेतली ठेव मुलगा निलेश याला. गॅलरी बंद करून हॉल वाढवायचा विचार त्याने सोडावा. तिथे माझ्या कुंड्या आहेत.

२. तुळस, गवती चहा व पुदिन्याच्या कुंड्या, मलमलीची कापडे आणि काचेच्या बरण्या सून रुचिरा हिला. ती पाला तीन पाण्यांतून धुते, पूर्ण निथळू देते आणि पंख्याखाली सावलीत पसरते. माझ्यापेक्षा नीट करते, हे तिला तोंडावर सांगायचे राहून गेले.

३. गच्चीची किल्ली कधीही न देणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींना माफ केले. सावलीत पाला हिरवा राहतो, हे त्यांच्यामुळेच कळले.

४. पाला वाळवायच्या जाळीच्या चार चौकटी यजमानांनी स्वतः बनवलेल्या. त्या धाकटी जाऊ द्रौपदी हिला द्यायच्या ठरवल्या होत्या. कारण लिहिणे भाग आहे. अकरा वर्षांपूर्वी वर्षभराच्या पुदिन्याला बुरशी लागली. द्रौपदीने ओल्या हाताने बरणी उघडली, असे मी भाचीच्या हळदीत चारचौघांत बोलले. तेव्हापासून तिने माझ्या घरात पाऊल ठेवले नाही. खरे असे, की लग्नाच्या गडबडीत मीच पाला कुडकुडीत होण्याआधी भरला आणि झाकण घट्ट लावले. बोलले तेव्हाही मला ते ठाऊक होते. मला लाज वाटते.

५. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. द्रौपदीला फोन करून बोलावले आणि वरचे कलम पुढे ठेवले. तिने दोनदा वाचले. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. मग म्हणाली, "ताई, चौकटी रुचिराला द्या. मला सही करू द्या. या कागदाखाली माझं नाव हवं."

त्यामुळे चौकटीही रुचिराला. मला फार मोकळे वाटते आहे. आता मरायची काही घाई नाही.

ठिकाण: मुलुंड पूर्व
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
सही: रत्नप्रभा दशरथ तावडे

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली:
१. राजेश गोगटे, शेजारी. सही.
२. द्रौपदी माणिक तावडे, कांदिवली. सही. मजकूर वाचला. पुढच्या रविवारी परत येते.