दिवेवाल्या बाईंची रजा

ती. आईस, पाया पडून नमस्कार.

मी मजेत आहे. गुडघा कसा आहे?

आमच्या वॉर्डात फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंचं दिवा घेतलेलं चित्र आहे. तुझ्या ऑपरेशनसाठी रजा मागितली, तर हेडनर्स त्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यांनी कधी मागितली होती का गं?" आणि ‘रजा स्वखुशीने सोडली’ असा कागद पुढे सरकवला.

मला शंका आली. वाचनालयात चरित्र काढलं. बाई वर्षानुवर्षं आजारी होत्या, अंथरुणातूनच पत्रं लिहून मंत्र्यांचा पिच्छा पुरवत होत्या. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही!

मी सही केली नाही. थेट संचालकांना अर्ज दिलाय. पासपोर्ट मात्र हेडनर्सच्या कपाटात आहे, तो मिळाल्याशिवाय भारतात येता येणार नाही. बाबांना सांगू नकोस.

मी पोचले नाही, तर रजा मीच सोडली असं कुणीही सांगो, विश्वास ठेवू नकोस.

तुझीच,
थोरली