वस्तीचं मत, माझं मत

४ फेब्रुवारी
शहर आमची वस्ती गिळायला निघालं आहे. ओढ्यापर्यंतची सगळी जमीन महापालिकेच्या हद्दीत जाणार, आणि आम्हाला साधं विचारलंसुद्धा नाही. लोकशाही आहे की चेष्टा? हद्दवाढीवर रहिवाशांचं मतदान झालंच पाहिजे. जीव गेला तरी मागे हटणार नाही. (हद्दीत गेल्यावर वस्ती समिती बरखास्त होते आणि मी तिचा अध्यक्ष आहे. या गोष्टीचा माझ्या लढ्याशी काडीचाही संबंध नाही.)

५ फेब्रुवारी
सर्दी. लढा उद्यापासून.

९ फेब्रुवारी
महापालिकेत गेलो. साहेब मीटिंगमध्ये. क्लार्कने या टेबलावरून त्या टेबलावर नाचवलं. शेवटी म्हणाला, तुमच्या वस्तीला तरी मतदान हवं आहे का, ते आधी विचारून या. टोमणा होता. मी चॅलेंज म्हणून घेतला. येत्या रविवारी वस्तीत मत घ्यायचं: हद्दवाढीवर मतदान हवं की नको? निकाल नेऊन त्याच्या टेबलावर आपटणार.

१२ फेब्रुवारी
प्रचार. शिंपी म्हणतो, मतदानाचा घोळ घातला की हद्दवाढ रखडणार आणि तिच्याबरोबर येणारे महापालिकेचे नळही रखडणार. त्याला लोकशाहीची मूल्यं समजावली. ऐकता ऐकता त्याने दोन बाह्या शिवल्या. किराणावाला नळाचंच बोलला. नर्सबाईही तेच. जो तो नळ, नळ, नळ! टँकर येतो की एक दिवसाआड. सौ. टँकरच्याच रांगेत उभी होती. तिला लढ्याचं महत्त्व सांगायला गेलो, तर म्हणाली, आधी हा कॅन उचला. पाठ धरली होती, त्यामुळे जमलं नाही.
अंदाज: नव्वद टक्के माझ्या बाजूने. लोक तोंडावर बोलत नाहीत, इतकंच.

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
समितीच्या खोलीबाहेर ही रांग! ऊर भरून आला. नव्वद म्हणजे मी कमीच धरले होते.

दुपारी
मोजणी शिंप्याने केली. निकाल: मतदान नको. प्रचंड बहुमत. म्हणजे लोकांनी रांग लावून, मत देऊन सांगितलं की आम्हाला मत द्यायचं नाही. आता यांच्यापुढे कपाळ कुठे फोडायचं? असल्या लोकांना मताचा अधिकार देताच कामा नये. अध्यक्षाने ठरवावं आणि मोकळं व्हावं.
'हवं'ला एक मत पडलं. एकटा का होईना, ताठ उभा राहिलो याचं समाधान आहे.

संध्याकाळी
शिंपी घरी आला. माझी मताची चिठ्ठी परत करायला. अक्षरावरून ओळखली म्हणे. फुलीखाली मी मतदान का हवं याची थोडक्यात कारणं लिहिली होती. जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूलाही. फुलीशिवाय काही लिहिलं तर मत बाद, हा नियम मीच दारावर लावलेला. शिंप्याने तो पाळला.
म्हणजे मोजलेलं ते एक मत माझं नव्हतंच.
पण मग कोणाचं? उत्साहाने सौ.ला सांगितलं, वस्तीत आणखी एक जागरूक नागरिक आहे, त्याला शोधून काढतो. ती कॅन धूत होती.
"शोधू नका, मीच दिलंय ते," ती म्हणाली. "तुमचं एकट्याचंच निघालं असतं तर लोक हसले असते. म्हटलं, दोन तरी होतील."
घरात नळ सगळ्यात जास्त तिला हवा आहे.